थांबलेला सावनेर रोड

कूलरच्या टाकीत पहिली बादली ओतली की घरभर वाळ्याचा ओला वास सुटतो, आणि तो वास आला की मला ट्रक दिसायला लागतात. लोकांना त्या वासाने माठ आठवतो, आजोळ आठवतं. मला सावनेर रोडवरचे कोळशाचे ट्रक आठवतात, ताडपत्री बांधलेले, एकामागोमाग एक. माझं सगळंच असं आडवळणाचं, त्याला इलाज नाही.

यंदाचा नवतपा लागला आहे. नागपूरच्या उन्हाळ्याच्या या नऊ दिवसांत ऊन जाता जाता वर्षभराचा राग काढून घेतं. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडक्यांना जाड पडदे, दारं लोटलेली, कूलरची घरघर, आणि माझ्या गेटला कुलूप. कुलूप उन्हासाठी नाही, बाबांसाठी आहे. मागच्या वर्षी ते कुणाला न सांगता बाहेर पडले आणि तीन तासांनी कोराडीच्या अलीकडे सापडले, सावनेरच्या दिशेने चालत निघालेले, पायात एकच चप्पल. तेव्हापासून ते कुलूप आहे. मी कामावर असते तेव्हा सुनंदाबाई त्यांना सांभाळतात; एक किल्ली बाईंच्या कमरेला असते, दुसरी माझ्या पिशवीत.

सकाळी मी निघते तेव्हा बाबा पडवीतल्या खुर्चीवरून विचारतात, "दार काहून लावून राहिली वं?"

"ऊन आहे बाबा."

"ऊन काय दारातून येते?"

माणूस विसरतो म्हणजे अडाणी होतो, असं मला पूर्वी वाटायचं. बाबांचा तर्क अजून माझ्यापेक्षा धारदार आहे. फक्त तो चालवायला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून निघून चालल्या आहेत.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बाबा सावनेरला एकटे राहत होते आणि मी नागपूरला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी उपग्रहांच्या चित्रांवर काम करणाऱ्या एका कचेरीत कंत्राटावर होते, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक नवं काम आलं होतं: आकाशातून रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजायचा. कॅमेऱ्याने नाही, रडारने.

रडारचा उपग्रह खाली रेडिओलहरी सोडतो आणि उलट येणारा प्रतिध्वनी ऐकतो. त्याला अंधार, ढग, धूळ यांचं काही नाही. मात्र त्याला एक खोड आहे. खाली जे काही असेल ते जागेवर उभं आहे, असं तो धरूनच चालतो. घरं, झाडं, टेकड्या ठीक आहेत. पण एखादा ट्रक धावत असेल तर त्याचा प्रतिध्वनी जरा वेगळ्या सुरात येतो, आणि उपग्रह त्या बिचाऱ्याला चित्रात भलत्याच जागी नेऊन ठेवतो. रस्ता इथे आणि ट्रक तिकडे शेतात. रस्ता सोडून तो जितका लांब दिसेल तितका त्याचा वेग जास्त. ते अंतर मोजायचं, गणित करायचं, की वेग हातात.

निखिलने मला असं पहिलं चित्र दाखवलं. निखिल माझा सहकारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कामठीहून रोज शेअर ऑटोत बसून यायचा आणि आल्या आल्या घाम पुसत कॉम्प्युटर सुरू करायचा. भंडारा रोडचं जुनं चित्र होतं ते. "ताई, पाहा," तो म्हणाला, "ट्रक धानात घुसून राहिले." खरंच, रस्त्याची काळी रेघ मोकळी होती आणि पांढरे ठिपके बाजूच्या धानाच्या बांध्यांमध्ये विखुरले होते. मी कितीतरी वेळ बघत बसले. जे चालतं ते आपल्या जागेवर दिसत नाही, आणि जे जागेवर दिसतं ते थांबलेलं असतं. मला हे फार आवडलं, कारण मला तेव्हा चालायचं होतं.

हैदराबादच्या एका कंपनीने मला बोलावलं होतं. प्रयोग जमला, आकडे नीट आले, की जागा पक्की. मी अडतीस वर्षांची होते, दर अकरा महिन्यांनी कंत्राटाच्या नव्या कागदावर सही करत होते, आणि नागपूरचे सगळे चौक मला डोळे मिटून पाठ होते. मला जायचंच होतं. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: प्रयोग यशस्वी व्हायला हवा होता, आणि बाबा एकटे राहू शकतात हे मला माझ्याशी कबूल करता यायला हवं होतं. दुसरी गोष्ट तर झालेलीच आहे, असं मी धरून चालले होते.

आता या पद्धतीची एक आंधळी बाजू आहे, आणि ती मला माहीत होती. उपग्रह ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने रस्ता जात असेल तर त्यावरची गाडी त्याला ना जवळ येताना वाटते ना लांब जाताना. मग ती चित्रात रस्त्यावरच दिसते, फार तर थोडी पुसट. संध्याकाळची फेरी दक्षिणेकडून उत्तरेला जाते, किंचित पश्चिमेकडे कललेली. सावनेर रोडही साधारण तसाच जातो. भंडारा रोड मात्र सरळ पूर्वेला, उपग्रहाला आडवा.

"भंडारा रोड घेऊ ताई," निखिल पहिल्याच दिवशी म्हणाला. "मौदाच्या पुढे बसू. आडवा रस्ता आहे, झंझट नाही."

मी सावनेर रोड घेतला. कागदावर कारण लिहिलं: जड वाहतूक, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं. खरं कारण माझ्या डब्यात होतं. चार पोळ्या, भरल्या वांग्याची भाजी, कैरीचं पन्हं. फील्डवर जायचं म्हटलं की कचेरीतून चारला निघता यायचं, सहाच्या फेरीआधी सावनेरच्या अलीकडे पोचायचं, उपग्रहाच्या आकड्यांशी ताडायला ट्रकचे वेग रस्त्यावरून टिपायचे आणि काम झालं की बाबांना जेवू घालून परतायचं. रस्ता अगदी समांतर नाही, जरा तिरका आहे, तेवढ्याने भागेल, असं मी स्वतःला समजावलं. सकाळची फेरी घेतली असती तरी निभावलं असतं, ती दुसऱ्या अंगाने कलते. पण मग संध्याकाळच्या डब्याचं काय? हातात डिग्री, डोक्यात गणित, आणि घोडं पेंड खाणार ते असं पोळीपाशी.

उपग्रह काही रोज येत नाही, बऱ्याच दिवसांनी एकदा येतो. मधल्या संध्याकाळी मी नुसती वाहतूक मोजायची, वेग टिपायच्या यंत्राने एकेका ट्रकवर नेम धरून. निखिल फक्त फेरीच्या दिवशी यायचा. मी रोज जायची. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, दुचाकीची सीट तव्यासारखी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की उन्हाच्या झळा रस्त्यावर पाण्यासारख्या हलायच्या. रोज तेच खड्डे, तोच ढाबा, तीच टायरची दुकानं. परतताना ट्रकच्या रांगेत अडकायची मी, पुढे कोळसा, मागे कोळसा, बाजूला काढायला जागा नाही. हैदराबादला मी कोणत्या भागात घर घेईन, याचा विचार मी त्या रांगेतच करायची.

बाबा तिथे आले ते पत्र्यामुळे. चित्रात आपली जागा नेमकी ओळखू यावी म्हणून रस्त्याकडेला तीन कोनांचा मोठा पत्रा ठेवावा लागतो; उपग्रहाला तो ताऱ्यासारखा चमकताना दिसतो. आम्ही तो लकडगंजात कापून, जोडून घेतला होता. भंगारवाले तो उचलून नेतील या भीतीने मी बाबांसमोर रडगाणं गायले. "हात्तिच्या," बाबा म्हणाले, "मी बसतो ना तिथं. घरी बसून तरी काय करून राहिलो?" घरापासून रस्ता दहा मिनिटांवर होता. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर कडुलिंबाखाली घरची प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी पाण्याची बाटली, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि मांडीवर वही घेऊन बाबा ट्रकचे नंबर लिहीत होते. मी सांगितलं नव्हतं. त्यांना रिकाम्या हाताने बसता येत नाही.

बाबांनी चौतीस वर्षं कोळशाच्या भूमिगत खाणीवर टाइमकीपरची नोकरी केली. खाणीत उतरणारा प्रत्येक जण खिडकीतून आपलं पितळी टोकन आत द्यायचा, बाबा ते नंबरच्या खिळ्याला अडकवायचे. वर आला की टोकन परत. पाळी संपल्यावर एखादं टोकन खिळ्यावर राहिलं तर एक माणूस खाली आहे. तो वर येईपर्यंत हजेरीची वही बंद होत नसे आणि बाबा घरी येत नसत. आई ताट झाकून ठेवायची. गंमत म्हणजे बाबा स्वतः चौतीस वर्षांत एकदाही खाली उतरले नाहीत. भीती वाटायची त्यांना, आणि हे ते लपवतही नसत. लहानपणी त्यांनी मला एक जुनं, बाद झालेलं टोकन खेळायला दिलं होतं, त्रेसष्ट नंबरचं. शाळेतून आले की मी ते खिडकीतून आत द्यायची आणि बाबा गंभीर चेहऱ्याने हजेरी लावायचे.

त्यामुळे त्या उन्हाळ्यात वहीत त्यांनी दोन रकाने आखले, 'उतरले' आणि 'चढले', तेव्हा मला हसू आलं. नागपूरकडे जाणारे ट्रक उतरले, सावनेरकडे येणारे चढले. अक्षर तेच, मोत्यासारखं. मी ते निखिललाही दाखवलं. "काका जबरदस्त आहेत," तो म्हणाला.

एका संध्याकाळी काम आटोपलं, मी यंत्र पिशवीत घातलं आणि म्हटलं, "चला बाबा, जेवून घ्या."

"तू जाय. सात बाकी आहेत."

"कोण सात?"

"खाली गेले ते. आले नाही अजून."

"बाबा, रस्ता आहे हा. खाण नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहत राहिले. मग हसले. "मले माहीत नाही का?" म्हणाले, आणि खुर्ची उचलून चालू लागले. मीही हसले. किती मजेशीर म्हातारा आहे आपला, असं वाटून मला त्या दिवशी परतीच्या वाटेवर बरंही वाटलं. ते हसण्याआधी किती वेळ थांबले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वेग टिपायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं.

पुढे हे वाढत गेलं. पण एकेका दिवसाने वाढत गेलं, आणि मी रोज जात होते. कधी तोच नंबर चारदा लिहिलेला. कधी डबा उघडून, पाहून, तसाच बंद केलेला. कधी मला आईच्या नावाने हाक. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं, मी म्हणायची, आणि पन्ह्यात गूळ जास्त घालायची. कालच्यापेक्षा आज काही फार वेगळं नसायचं. परवापेक्षा काल नसायचं.

नवतप्यात माझा मोठा भाऊ, दादा, पुण्याहून दोन दिवसांसाठी आला. एक संध्याकाळ तो बाबांजवळ कडुलिंबाखाली बसला, मी पलीकडे ट्रक टिपत होते. रात्रीच्या जेवणाची पानं घेताना तो स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेऊन म्हणाला, "हे केव्हापासून सुरू आहे?"

"काय?"

"बाबा. ते गंमत नाही करून राहिले. त्यांना खरंच वाटते की माणसं खाली अडकली आहेत. मले तीनदा विचारलं, तू कोणत्या पाळीतला म्हणून."

मला असा राग आला. मी पस्तीस किलोमीटर रोज उन्हातून येते, आणि हा एसी गाडीतून उतरून मला सांगतो. "वर्षातून दोनदा येतो तू," मी म्हटलं, "आणि तुला दिसलं? मी रोज असते इथे."

"म्हणूनच दिसलं मले," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. ताट घेऊन बाहेर गेला आणि बाबांच्या शेजारी बसला.

मी ओट्याशी उभी राहिले. भाजी वाढायची होती, ती तशीच हातात. खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते, आणि मला बाबा हसण्याआधी थांबले होते ती संध्याकाळ आठवली. एकदा आठवली ती मग रोजच आठवू लागली.

चित्रं आठवड्याभराने आली. निखिलने रस्त्याची रेघ त्यांच्यावर बसवली. आमचा पत्रा लख्ख चमकत होता, जिथे असायला हवा तिथेच. आणि ट्रक सगळे रस्त्यावर. शेतात एकही नाही. आम्ही यंत्राने टिपलेले, वेगाने गेलेले, एकमेकांना ओलांडून गेलेले ट्रक काळ्या रेघेवर ओळीने उभे होते, जसा काही कुणी चक्काजाम केला होता. ज्या तिरकेपणावर मी भिस्त ठेवली होती तो पुरला नव्हता. इकडे तिकडे थोडेसे सरकले होते ते, पण तेवढं सरकणं चित्रातल्या पांढऱ्याकाळ्या दाण्यांच्या गोंधळात कुठे हरवत होतं ते सांगता येत नव्हतं.

"म्हणून तर म्हणून राहिलो होतो ताई," निखिल म्हणाला आणि लगेच त्याला वाईट वाटलं असावं. "चहा सांगू का?"

मी हो म्हटलं. चहा आला, त्यावर साय धरली, पण मला स्क्रीनवरून डोळे काढता येत नव्हते. त्या चमकणाऱ्या ठिपक्याशेजारी बाबा बसलेले होते. ते अर्थातच दिसत नव्हते. माणसं दिसत नाहीत त्यात. पण मला ठाऊक होतं की ते तिथे आहेत, मांडीवर वही आहे, आणि ते माझ्या डोळ्यांसमोरून त्या सगळ्या ट्रकपेक्षा वेगाने चालले होते. मी रोज त्यांच्याच वाटेने, त्यांच्याच बाजूने जात राहिले आणि मला ते जागेवरच दिसले. आडवा आला तो दादा.

हैदराबादला मी प्रयोगाचं काहीच कळवलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, मग त्यांना दुसरं कुणी मिळालं. निखिलने पुढच्या हिवाळ्यात भंडारा रोडवर प्रयोग केला आणि तो सुरेख जमला. आता तो बंगळुरूला असतो, दिवाळीला मेसेज करतो. त्याच्या यशाचं मला दुःख झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. कधी कधी, विशेषतः या दिवसांत, मला वेगळीच शंका येते. तो रस्ता मी डब्यासाठी निवडला, की आपण जाऊ शकत नाही हे मला आधीच कळलं होतं आणि न जाण्याला एखादं शास्त्रीय कारण हवं होतं? पोटातलं ओठावर आणायला माणूस किती लांबचा वळसा घेतो. मला अजून नक्की सांगता येत नाही.

बाबांना मी त्याच पावसाळ्यात नागपूरला आणलं. सावनेरच्या घराला कुलूप लागलं, मग इथल्या गेटला लागलं. आणि खरं सांगायचं तर तिसरं एक आहे, ते मी लावून घेतलेलं. कुणी लग्नाला बोलावलं, कुणी चार दिवस फिरायला चल म्हटलं, की मी तोंड उघडायच्या आत माझ्याकडे कारण तयार असतं. बाबांचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही. लोक म्हणतात, किती करते. मला हे शब्द ऐकले की कुठेतरी पळून जावंसं वाटतं, आणि पळायचं तर सुनंदाबाईंना आधी विचारावं लागेल.

गेल्या आठवड्यात दुपारी सुनंदाबाईंचा फोन आला. बाबा गेटचे गज धरून उभे होते, काही केल्या आत येत नव्हते. मी कचेरीतून तशीच निघाले. बाहेरून गेटपाशी आले तेव्हा ते आत, मी बाहेर, गज तापून लाल. त्यांचे तळवे भाजले होते.

"बाबा, सोडा. हात पोळले तुमचे."

"माझं टोकन कुठी गेलं?" ते म्हणाले. आवाज अगदी हळू, ओळखीच्या माणसाला गुपित सांगावं तसा. "सारे वर गेले. मले काहून नाही काढून राहिले?"

आयुष्यभर ज्या अंधाराला ते घाबरले, चौतीस वर्षं ज्याच्या तोंडाशी बसून एकदाही आत उतरले नाहीत, तिथे ते आता रोज एकटे उतरत होते. आणि कुलूप मी लावलेलं. मी गेट उघडलं, त्यांचे हात माठाच्या पाण्यात धरले आणि त्यांच्यासमोर रडले. त्यांनी एक ओला हात काढून माझ्या डोक्यावर थोपटलं, कुणाच्या तरी पोरीला थोपटावं तसं.

तेव्हापासून मी त्यांना पुन्हा वही दिली आहे. रकाने मीच आखते. संध्याकाळी ऊन कललं की सुनंदाबाई खुर्ची गेटजवळ घेतात आणि बाबा गल्लीतून जाणाऱ्यायेणाऱ्यांची नोंद ठेवतात. अक्षर आता मोत्यासारखं नाही, पण ओळ सुटत नाही. आणि मी घर पालथं घालून, आईच्या शिवणाच्या डब्यात, ते जुनं टोकन शोधून काढलं.

काल मी सातच्या सुमारास आले. झळा अजून होत्या, कुठेतरी कुणी अंगणात पाणी शिंपडत होतं. बाबा वहीवर वाकलेले. मी कुलूप काढलं, आत आले, त्यांनी मान वर न करता हात पुढे केला.

"टोकन?"

"त्रेसष्ट," मी म्हटलं आणि ते तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, वहीत खूण केली आणि मला परत दिलं. मी वाट पाहत होते, ते म्हणतील, झाले सारे, आणि वही मिटतील. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत बोटाने तपासलं. बोट शेवटच्या ओळीपाशी थांबलं.

"एक बाकी आहे," ते म्हणाले.

"कोण बाबा?"

"टाइमकीपर."

सुनंदाबाई घरी जायला उभ्या होत्या, पिशवी खांद्याला. त्यांना मी गेटबाहेर सोडलं. मग आतून दुसरी खुर्ची आणली, बाबांच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसले. माणूस वर येईपर्यंत हजेरी बंद करायची नाही, नियम त्यांचाच आहे.